रूळ आहेत, पण गाडी थांबत नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात सोलापूर जिल्ह्यातून आलेली चार पत्रे एकाच विषयावरची होती. त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांसाठीच दिले आहे. पहिल्या पत्रातील स्टेशनचे नाव मुद्दाम छापलेले नाही, कारण दिलेले उत्तर त्या लोहमार्गावरच्या आणखी कितीतरी छोट्या स्टेशनांना लागू पडते.

प्रश्न : सोलापूरच्या हद्दवाढ भागातील आमच्या वसाहतीपासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर एक छोटे रेल्वे स्टेशन आहे. माझे वडील तेथे पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे कर्मचारी, होते. सकाळच्या पॅसेंजरने गिरणीत जाणारे कामगार आणि दुधाच्या किटल्या घेऊन शहरात जाणारे गवळी मी लहानपणी रोज पाहिले आहेत. आता तेथे एकही प्रवासी गाडी थांबत नाही, तिकीटखिडकीला फळ्या ठोकलेल्या आहेत, आणि वस्ती मात्र त्या काळापेक्षा कितीतरी वाढली आहे. हे स्टेशन मुळात का काढले, बंद का पडले आणि पुन्हा सुरू होऊ शकते का? वडिलांच्या पेटीत सापडलेले एक जुने तिकीट सोबत पाठवत आहे. (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : आपले तिकीट जपून परत पाठवत आहोत. अंगठ्याएवढे, जाड पुठ्ठ्याचे हे तिकीट आहे आणि त्याच्या कडेला तारखेच्या यंत्राने उठवलेले आकडे अजून बोटाला लागतात, मात्र वर्षाचे आकडे झिजून गेले आहेत. तरीही त्याचा काळ बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतो. तिकिटावर ‘तिसरा वर्ग’ असे छापलेले आहे, आणि रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. मागच्या बाजूला ‘द. म. रेल्वे’ अशी अक्षरे आहेत. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी तो मध्य रेल्वेत परत आला. म्हणजे हे तिकीट १९६६ ते १९७४ या आठ वर्षांतले आहे. आपल्या स्टेशनचे जुने कागद शोधायचे झाल्यास १९६६ ते १९७७ या अकरा वर्षांचा पत्रव्यवहार मुंबईच्या नव्हे, तर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबादच्या मुख्यालयाशी झालेला असणार, हेही लक्षात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून डिकसळपर्यंत डिसेंबर १८५८ मध्ये, तेथून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, ऑक्टोबर १८५९ मध्ये, मोहोळपर्यंत जानेवारी १८६० मध्ये आणि सोलापूरपर्यंत जून १८६० मध्ये सुरू झाला. बोरघाटातील लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये पुरा झाला. त्यामुळे जवळजवळ तीन वर्षे सोलापूरला रेल्वे होती, पण ती सलग मुंबईला पोहोचत नव्हती. कापसाचे गठ्ठे खंडाळ्याला उतरवून बैलगाड्यांनी घाटाखाली न्यावे लागत. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली ती या रेल्वेच्या आधारानेच, हे आपल्या शहरात वेगळे सांगायला नको.

मोठ्या स्टेशनांच्या मधली छोटी स्टेशने प्रामुख्याने प्रवाशांसाठी काढलेली असतात, असा आपला समज असतो. तो बहुतेक ठिकाणी खरा नाही. लोहमार्ग एकेरी असताना दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते, आणि समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे तर मध्ये कोठेतरी दुसरा रूळ, म्हणजे लूप लाईन, लागतो. सर्वसाधारणपणे आठ-दहा किलोमीटरवर एक लूप लाईन, एक स्टेशनमास्तर, दोन पॉइंट्समन आणि पुढच्या टप्प्यात शिरण्याची परवानगी म्हणून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा टोकनचा लोखंडी गोळा, एवढा संसार याच कारणासाठी मांडलेला असे. ‘गाडीला क्रॉसिंग पडले’ हे वाक्य आपल्या वडिलांच्या तोंडून आपण असंख्य वेळा ऐकले असेल. गाडी तेथे थांबणारच होती, मग फलाट बांधून तिकिटे विकायला फारसा जास्तीचा खर्च येत नव्हता. गिरणीकामगार आणि गवळी या सोयीचा फायदा घेत होते आणि त्या भागाचे सारे जगणे त्या वेळापत्रकाला बांधले गेले होते, ही गोष्ट वेगळी. रेल्वेच्या हिशेबात मात्र मुख्य काम क्रॉसिंगचे होते.

हे समजून घेतले की स्टेशन का बंद पडले याचे उत्तर आपोआप मिळते. अलीकडच्या वर्षांत दौंड-सोलापूर मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाल्यावर क्रॉसिंगसाठी थांबण्याची गरज उरली नाही. प्रवासी तर त्याआधीच कमी झाले होते. १९४८ मध्ये सुरू झालेली एस.टी. गावाच्या वेशीपर्यंत गेली, पुढे वडाप आले, मग घराघरांत दुचाकी आल्या. आणि शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्यावर पहाटेच्या पॅसेंजरने येणारा कामगारच राहिला नाही. शेवटचा घाव मार्च २०२० मध्ये बसला. कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, आणि त्या पुन्हा धावू लागल्या तेव्हा अनेक छोटे थांबे वेळापत्रकात परत आले नाहीत. ज्या गाड्या आल्या त्या विशेष किंवा एक्स्प्रेस म्हणून आल्या, त्यामुळे दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये झाले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आले. पण त्या चार वर्षांत लोकांनी दुसरी वाट धरली होती, आणि एकदा मोडलेली सवय भाडे उतरले म्हणून लगेच परत येत नाही.

पुन्हा सुरू होण्याच्या बाबतीत मात्र आपली बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला करणे, धोका असल्यास बंद करणे आणि बंद केलेला पुन्हा उघडणे यांसाठी २१ ते २६ या कलमांत सविस्तर व्यवस्था दिलेली आहे, आणि त्यासाठी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी लागते. (हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते, ज्याने बांधले त्यानेच तपासू नये.) आपल्या स्टेशनसमोरचा लोहमार्ग कधीच बंद झालेला नाही, त्यावरून दिवसरात्र गाड्या जातात. बंद झाला आहे तो थांबा, आणि थांबा देणे हा प्रशासकीय निर्णय आहे.

अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. पहिली अडचण वेळेची. मागून एक्स्प्रेस येत असताना पुढची गाडी मुख्य रुळावर थांबून राहिली तर मागचीही अडकते, म्हणून जेथे लूप लाईन काढून टाकली आहे तेथे वाहतूक विभाग थांब्याला सहज तयार होत नाही. आपल्याकडे लूप शिल्लक आहे का, हे सर्वांत आधी पाहून घ्या. मेमू, म्हणजे वेगळे इंजिन नसलेली विजेची गाडी, इंजिनाच्या गाडीपेक्षा लवकर वेग घेते आणि लवकर थांबते, त्यामुळे मागणी करायची तर एक्स्प्रेसच्या थांब्याची नव्हे, मेमूच्या थांब्याची करावी. दुसरी अडचण बांधकामाची. जुना फलाट बहुधा रुळांच्या बरोबरीचा असतो. नव्या मापाप्रमाणे कमी उंचीचा फलाट रुळांपासून ४५५ मिलिमीटर आणि जास्त उंचीचा ७६० ते ८४० मिलिमीटर लागतो. शिवाय मार्ग दुहेरी झाल्यावर रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाणे जिवावर बेतणारे ठरते, म्हणून पादचारी पूल हवा, आणि वरून २५ हजार व्होल्टची तार गेलेली असल्याने तो साध्या पुलापेक्षा उंच आणि महाग होतो. माणसांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. हॉल्ट दर्जाच्या थांब्यावर स्टेशनमास्तर लागत नाही. कमिशनवर तिकिटे विकणारा हॉल्ट एजंट नेमूनही काम भागते.

आपले पत्र आल्यावर मी एका सकाळी तेथे जाऊन आलो. फलाटावरचा सिमेंटचा बाक अजून धड आहे आणि त्याच्या पाठीवर ‘म. रे.’ ही अक्षरे ओतलेली आहेत. कुंपणाचे खांब म्हणून जुन्या रुळांचे तुकडे पुरलेले आहेत. त्यांपैकी एकाच्या कडेवरचा गंज हाताने झाडला तर कारखान्यात उठवलेली इंग्रजी अक्षरे अर्धवट वाचता येतात. पिवळ्या पाटीवर स्टेशनचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची स्वच्छ दिसते. मी तेथे होतो तेवढ्या वेळात दोन मालगाड्या आणि एक एक्स्प्रेस न थांबता गेली, आणि कडुलिंबाखालून पायवाटेने रूळ ओलांडून कामाला जाणारी पंचवीस-तीस माणसे मी मोजली. या माणसांना रेल्वेची गरज नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रश्न : माझे आजोळ करमाळा तालुक्यात आहे. डिकसळचे जुने स्टेशन एके काळी मोठे होते असे आजी सांगत असे. ते पुन्हा सुरू करावे अशी मागणी करता येईल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या आजींनी सांगितले ते खरे आहे. डिसेंबर १८५८ ते ऑक्टोबर १८५९ असे सुमारे दहा महिने पुण्याकडून येणारी रेल्वे डिकसळलाच संपत होती. सोलापूर, बार्शी, करमाळा या बाजूंचा प्रवासी आणि माल तेवढ्या काळात तेथेच चढत-उतरत असणार. भीमेवरचा पूल ओलांडून मार्ग पुढे गेल्यावर ते मधले स्टेशन झाले.

परंतु त्याची आणि पहिल्या पत्रातील स्टेशनची गोष्ट एक नाही. भीमेवर उजनी येथे धरण बांधले गेले, १९८० मध्ये ते पुरे झाले, आणि सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या यशवंतसागर जलाशयाने इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतील मोठा प्रदेश पाण्याखाली घेतला. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसते, त्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. या जलाशयामुळे लोहमार्ग जुन्या जागेवरून हलवावा लागला. भीमेवरचा जुना रेल्वेपूल तेवढा रस्त्यासाठी वापरात आला, आणि भिगवणकडून करमाळा तालुक्यात जाणाऱ्या कितीतरी लोकांना तो केवळ ‘डिकसळचा पूल’ म्हणून माहीत आहे. त्यावरून जाताना त्याची रुंदी एका आगगाडीपुरतीच का आहे, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे.

तेव्हा जेथून रूळच गेले तेथे स्टेशन पुन्हा सुरू करण्याची मागणी करता येणार नाही. आपल्या आजोळच्या लोकांची खरी गरज नव्या मार्गावरच्या भिगवण, जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, जेऊर या स्टेशनांवर पुरेशा गाड्या थांबण्याची आहे. धरणासाठी ज्यांनी जमिनी आणि जुने स्टेशन दिले, त्यांच्या वारसांनी अशी मागणी केली तर तिला नैतिक वजनही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बार्शी लाईट बंद झाली तेव्हा तिची जुनी स्टेशने आणि जमिनी यांचे काय झाले? रेल्वेने एकदा सोडलेली जागा परत मिळते का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : बार्शी लाईटचे उदाहरण आशा देणारे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची ही नॅरोगेज १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज तिने गाठले. १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. आषाढीला टपापर्यंत भरून जाणारी ही छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्याविषयी काही सांगण्याची गरज नाही. तिचे रूपांतर १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये टप्प्याटप्प्याने झाले; लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हा टप्पा २००७ मध्ये आणि तेथून बार्शीमार्गे कुर्डुवाडी हा २००८ मध्ये सुरू झाला. जुना मार्ग धाराशिव शहराला बाजूला टाकून जात होता. नव्या आखणीत शहर जोडले गेले. ज्या शहराला शंभर वर्षे रेल्वे नव्हती त्याला ती मिळाली, आणि जुन्या वळणावरच्या काही जागा मात्र कायमच्या ओस पडल्या. मार्ग जिवंत राहिला तरी त्यावरचे प्रत्येक स्टेशन जिवंत राहतेच असे नाही, ते यामुळे.

जमिनीच्या बाबतीत मुंबईच्या कुलाबा स्टेशनची हकीकत सांगण्यासारखी आहे. कुलाबा हे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे शेवटचे स्टेशन होते. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या उपनगरी गाड्या सुरू झाल्या, म्हणजे ते मोडकळीला आलेले किंवा प्रवासी नसलेले स्टेशन मुळीच नव्हते. तरीही तीन वर्षे पुरी होण्याआधी, १९३० च्या अखेरीस, ते बंद करण्यात आले. दूरच्या गाड्या त्याच महिन्यात उघडलेल्या मुंबई सेंट्रलला गेल्या आणि उपनगरी गाड्या चर्चगेटला संपू लागल्या. समुद्र हटवून तयार केलेल्या त्या भागात जमिनीला मोल आले होते. आज त्या जागेवर रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत उभी आहे, आणि कुलाब्यापर्यंत गाडी पुन्हा न्यायची म्हटले तरी जमिनीवरून ती नेता येणार नाही. म्हणून बंद स्टेशनच्या आवारात अतिक्रमण होऊ लागले किंवा जागा दुसऱ्या कामासाठी देण्याची चर्चा निघाली, तर त्याच वेळी लेखी हरकत घ्यावी. इमारत पडली तर नवी बांधता येते. फलाटाची पट्टी आणि स्टेशनकडे येणारा रस्ता गेला तर सगळेच गेले.

प्रश्न : थांब्यासाठी सह्यांची मोहीम काढावी असे आमच्या महिला मंडळाचे चालले आहे. त्याचा उपयोग होतो का? अर्ज कोणाकडे करावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सह्या जरूर गोळा कराव्यात, पण नुसत्या सह्यांवर भिस्त ठेवू नये. थांबा बहुधा आधी प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी दिला जातो आणि त्या काळात त्या स्टेशनच्या नावाने किती तिकिटे विकली गेली हे पाहून पुढचा निर्णय होतो. थांबा मिळाल्यावर पेढे वाटून मोकळे झालेल्या आणि सहा महिन्यांनी तो गमावून बसलेल्या गावांबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण तेथे प्रवासी होते. ते तिकीट मात्र पुढच्या मोठ्या स्टेशनवरून काढत होते किंवा काढतच नव्हते. तुमच्या मंडळातील ज्या भगिनी रोज कामाला जातात त्यांनी आपल्याच स्टेशनच्या नावाचा मासिक पास काढावा. दीडशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला तो मिळतो आणि रोजच्या तिकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मोबाईलवरून तिकीट काढणाऱ्यांनीही निघण्याचे स्टेशन म्हणून आपलेच नाव निवडावे.

अर्ज सोलापूर येथील विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत खासदारांना द्यावी. प्रत्येक विभागात रेल्वे उपयोगकर्त्यांची सल्लागार समिती असते. तिच्या एखाद्या सदस्याला गाठून हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर लेखी घ्यायला लावावे, म्हणजे त्याला लेखी उत्तर मिळते आणि पुढच्या बैठकीत तेच उत्तर समोर ठेवून बोलता येते. अर्जात ‘आमची गैरसोय होते’ एवढेच लिहू नये. सकाळी किती वाजता किती माणसे कोठे जातात, आज रिक्षाला रोज किती खर्च होतो, शाळा, दवाखाने, एमआयडीसी किती अंतरावर आहेत, आणि कोणत्या गाडीला कोणत्या वेळी थांबा हवा आहे, हे एका पानात लिहावे. पहिल्या पत्रलेखकांच्या आणि तुमच्या पत्त्यांवरून दोघे एकाच स्टेशनबद्दल लिहीत आहात, असे दिसते. दोघांचीही संमती आल्यास पत्ते एकमेकांना कळवू. त्यांना त्या स्टेशनचा इतिहास आणि लूप लाईनची जागा ठाऊक आहे, तुमच्याकडे माणसे आहेत. पुढच्या सोमवारी सकाळी सात ते दहा या वेळात तेथे उभे राहून रूळ ओलांडणाऱ्यांची मोजणी दोघांनी मिळून करावी, आणि अर्जाची सुरुवात त्या आकड्याने करावी.